एकाहत्तर चारशे

चार वर्षं मी अंबाझरीच्या काठाने चालले,
पहाटे पाचला, कुमुद भुसारीसोबत,
कानाला रुमाल, पायात भाच्याचे जुने बूट.
तिच्या नणंदेची कोर्टाची तारीख,
माझ्या शाळेतला पोषण आहाराचा तांदूळ,
बोलता बोलता तीन फेऱ्या व्हायच्या
आणि परतताना तर्री-पोहे,
कारण चाललो ना बाप्पा एवढं!

काटा एकाहत्तरवर बसलेला,
तेरवी आटोपली तरी
न जाणाऱ्या पाहुण्यासारखा.

मग मे लागला, पहाटच चावायला लागली,
म्हणून गोपालनगरच्या जिममध्ये नाव टाकलं.
लेडीज बॅच, तीन ते पाच.
चार ट्रेडमिल, दोन सायकली, एक कूलर
आणि मागे काचेचं दार. कुलूप.
आत लोखंडी चकत्या भिंतीला टेकून,
मांडवातल्या मोठ्या तव्यांसारख्या.
"ते जेन्ट्सचं आहे मॅडम," मालक म्हणाला,
"तुम्हाले तर बारीक व्हायचं आहे ना?"

मी बारीक व्हायला धावले.
पट्टा पळायचा, मी जागच्या जागी.
तीनशे कॅलरी जळल्या, मशीन म्हणे.
घरी येऊन मी
साडेतीनशेची भूक घेऊन ओट्याशी उभी.

जूनमध्ये आम्रपाली गजभिये आली, नवी कोच,
हिंगण्याहून स्कुटीने, डब्यात सहा अंडी.
पहिल्याच दिवशी तिने किल्ली मागितली.
मालक म्हणाला, हरवली.
दुसऱ्या दिवशी ती घरून हातोडी घेऊन आली.
किल्ली सापडली.

दांडा वीस किलोचा. नुसता दांडा.
मी म्हटलं, दंड पुरुषासारखे होतात म्हणे.
"सात वर्षं झाले उचलून राहिली मी काकू,
अजून माझ्या बाह्या ढिल्याच आहेत.
टाचा रुतवा. दांड्याकडे पाहू नका.
जमिनीले ढकला."

मी जमिनीला ढकललं.
पाठीत, जिथे हात पोचत नाही,
आंघोळीत साबणही धड पोचत नाही,
तिथे कोणीतरी जागं झालं.

त्या आठवड्यात कॉटन मार्केटात
एक बाई संत्र्यांची पेटी उचलताना दिसली.
टाचा रुतलेल्या, पाठ सरळ, श्वास धरलेला.
तिला कोणी शिकवलं असेल?
मी पाहतच राहिले, ती म्हणाली,
"घ्यायचं नसन तर सरका ना बाई."

दिवाळीपर्यंत पंचेचाळीस उचलले.
काट्यावर चढले:
एकाहत्तर चारशे.
सहा महिने, फी, अंडी, दुखऱ्या मांड्या,
आणि वर चारशे ग्रॅम!
आम्रपालीने काही न बोलता टेप काढला.
कंबर तीन इंच कमी.
मी टेप उलटा करून पाहिला,
शिंप्यावर संशय घ्यावा तसा.

शब्दाला वजन हवं म्हणतात.
माणसाचं घरात वजन असावं म्हणतात.
आणि मला, नववीपासून,
जो तो सांगत आला: कमी कर.

परवा स्टाफरूममध्ये गोडबोले सर म्हणाले,
"मॅडम, बारीक झालात!"
"नाही सर," म्हटलं, "चारशे ग्रॅम वाढले,"
आणि वह्यांचा गठ्ठा, आठवी अ आणि ब दोन्ही,
एका खेपेत उचलून तासाला गेले.

कुमुदला म्हटलं, तूही ये जिमला.
चालून चरबी जात नाही वं एवढी.
तलावाकडे पाहत ती म्हणाली,
"चरबीसाठी कोण चालून राहिलं?
घरी बोलता येत नाही म्हणून चालते मी."

मला चार वर्षांत हे कळलं नव्हतं.

रविवारी आता मी तिच्यासोबत असते.
काल पाच फेऱ्या झाल्या.
पोहे खाल्ले,
तर्री दोनदा मागितली.